लाकडी कोरीवकामाचे फोटो: आधी उजेड, मग कॅमेरा

कोरीवकामाचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: उजेड समोरून पडलेला असतो. पटाशीने काढलेली रेघ डोळ्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. फोनचा फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो, त्यामुळे सावली नक्षीच्या पाठीमागे दडते आणि महिनोन् महिने खपून कोरलेला देव्हारा छापील सनमायकासारखा सपाट दिसतो. तोच देव्हारा साध्या फोनवर, पण कडेने उजेड घेऊन टिपला, तर पाकळीची जाडीसुद्धा कळते. म्हणून फ्लॅश आधी बंद करा. पुढचं सगळं त्यानंतर.

कॅमेरा कोणता, हा प्रश्न नवखे सर्वांत आधी विचारतात. चित्रपट-दिग्दर्शक बाबुराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात मूव्ही कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला, त्या गावात उपकरणाची सबब तशीही शोभत नाही. तीन-चार वर्षांपूर्वीचा चांगला फोन किंवा १८-५५ मिमी लेन्सचा कोणताही डीएसएलआर पुरतो. जे टाळता येत नाही ते स्टँड. का, ते पुढे येईलच.

साहित्य

एक ट्रायपॉड, फोनसाठी असेल तर पकड घट्ट असलेला. एक १२ वॅटचा एलईडी बल्ब, होल्डर आणि लांब वायर. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलंय का ते बघा. स्वस्त बल्बमध्ये लाल रंग नीट येत नाही, आणि सागवान, शिसव यांची सगळी जान त्या लालसर छटेतच असते. टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल टाकून देऊ नका, तो रिफ्लेक्टर म्हणून उत्तम. स्टेशनरीच्या दुकानातून २२ × २८ इंची कार्डशीट आणा: दोन राखाडी, एक काळा, एक पांढरा. ट्रेसिंग पेपरचा एक मोठा तुकडा, रंग द्यायचा एक मऊ ब्रश (वापरलेला नको, तेलाचा अंश राहतो) आणि एक ग्रे कार्ड (रंग जुळवायला लागणारं मध्यम राखाडी कार्ड). एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं.

उजेडाचा कोन किती हवा

इथे घाई करू नका, सगळा खेळ याच ठिकाणी आहे. कोन मोजायचा तो लाकडाच्या पृष्ठभागापासून. उजेड पृष्ठभागाला घासून गेला तर कोन लहान, समोरून आदळला तर मोठा.

सावलीची लांबी कोरण्याची खोली आणि हा कोन यांवर ठरते. ४५ अंशांवर सावली खोलीएवढीच पडते. ३० अंशांवर ती खोलीच्या पावणेदोन पट होते, १५ अंशांवर जवळपास पावणेचार पट. आता हा हिशेब कामाला लावा. नावाच्या पाटीवरची नक्षी ३ मिलिमीटर खोल असेल, तर १५ अंशांवर तिची सावली ११ मिलिमीटर पडते आणि अक्षर न् अक्षर उठून येतं. त्याच पाटीवर ४५ अंशांचा उजेड टाकला तर ३ मिलिमीटरची सावली जेमतेम जाणवते. पण ४ सेंटिमीटर खोल कोरलेल्या मोराच्या पॅनेलवर तोच १५ अंशांचा उजेड टाका, की १५ सेंटिमीटरची सावली पडून अर्धा मोर काळोखात बुडतो. उथळ कामाला घासून जाणारा उजेड, खोल कामाला उभा. नवख्यांचं इथे बरोबर उलटं होतं, कारण खोल काम पाहून वाटतं की आणखी नाट्य हवं.

कोन मोजायला कोनमापक लागत नाही. पॅनेलच्या मध्यापासून बाजूला १ मीटर जा आणि तिथून पॅनेलच्या पातळीच्या पुढे २७ सेंटिमीटर यायचं: तिथे बल्ब धरला की १५ अंश. ५८ सेंटिमीटर पुढे आलात तर ३० अंश, पूर्ण १ मीटर पुढे आलात तर ४५. जमिनीवर खडूने तीन खुणा करून ठेवल्या की प्रत्येक वेळी मोजत बसावं लागत नाही.

अंतराबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बल्ब जवळ आणला की उजेड भरपूर मिळतो, पण तो एकसारखा राहत नाही. ३० सेंटिमीटर रुंद पॅनेलच्या अलीकडच्या कडेपासून बल्ब ३० सेंटिमीटरवर असेल, तर पलीकडच्या कडेला अंतर दुप्पट होतं आणि उजेड चौथाईवर येतो. एक बाजू पांढरी फटक, दुसरी काळी. बल्ब १२० सेंटिमीटरवर नेला की पलीकडच्या कडेला जवळपास दोन तृतीयांश उजेड पोचतो. उरलेला फरक पलीकडे थर्माकोल उभा करून भरून निघतो.

आता दिशा. उजेड वरून किंवा वर-डावीकडून यावा. खालून आलेल्या उजेडात मेंदू फसतो: उठावाची फुलं खड्ड्यासारखी आणि खड्डे उठावासारखे दिसू लागतात. फोटो पाहताना असं वाटलं तर तो उलटा धरून बघा, लगेच कळेल. दुसरं म्हणजे नक्षीची धाव. लांब खाचा उभ्या असतील तर उजेड बाजूने, आडव्या असतील तर वरून. खाचेच्या दिशेनेच उजेड धावला तर तिला सावलीच पडत नाही आणि ती फोटोतून गायब होते. जाळीकामाला दोन्ही दिशा असतात, म्हणून तिथे बल्ब कोपऱ्याकडून, तिरका. पटाशीचे घाव दाखवायचे असतील तर त्यांना आडवा उजेड द्या. लपवायचे असतील तर त्यांच्या दिशेने. गिऱ्हाइकाला हाताचं काम दाखवायचं असेल तर ते लपवूच नयेत, असं आमचं मत. मशीनवर कोरलेल्या कामात आणि हातकामात फोटोपुरता जो फरक उरतो, तो तिथेच दिसतो.

सावली हवी, पण तिच्या आतला तपशील मरायला नको. बल्बच्या समोरच्या बाजूला, कामापासून ४०-५० सेंटिमीटरवर थर्माकोल उभा करा. सावली उघडते. आणखी जवळ आणलात तर ती पुसटच होते, म्हणजे केलेल्या कामावर पाणी. थर्माकोल मागे-पुढे करत स्क्रीनवर बघत राहा. हाताला अंदाज यायला फार वेळ लागत नाही.

सुटी मूर्ती किंवा वस्तू: एकेक पायरी

१. धूळ झाडा. ब्रश कोरडा, झटके बाहेरच्या दिशेने. खाचेतली धूळ डोळ्याला दिसत नाही, पण तिरक्या उजेडात पांढऱ्या रेघेसारखी चमकते. ओलं फडकं नको, पॉलिश नसलेल्या लाकडाचे तंतू पाण्याने उभे राहतात. फोटोसाठी म्हणून जवसाचं तेल चोळायचा मोह होतो. नव्या कामाला तसंही तेल लावायचं असेल तर ठीक, पण किमान एक दिवस आधी, म्हणजे ओली चमक जाते. जुन्या वस्तूला काहीही लावू नका.

२. टेबल भिंतीपासून ओढून घ्या. राखाडी कार्डशीट भिंतीवरून टेबलावर गोलाई ठेवून सोडा, घडी पडू देऊ नका. वस्तू मागच्या कागदापासून ४० सेंटिमीटर तरी पुढे हवी, नाहीतर तिची सावली कागदावर पडते. मखमल, आरसा, प्लायवूड, फुलाफुलांची चादर: सगळं बाजूला. राखाडीवर शिसवही उठतं आणि पांढरट पांगाराही.

३. कॅमेरा मूर्तीच्या मध्याच्या उंचीवर आणा. मूर्ती जमिनीवर आणि फोटो उभ्याने, हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. त्यात डोकं मोठं आणि पाय चिमुकले येतात.

४. लांब जा. ३० सेंटिमीटरच्या मूर्तीसाठी दीड मीटर. फोनच्या मुख्य लेन्सने ४० सेंटिमीटरवरून काढलं की गणपतीची सोंड पुढे येते आणि कान मागे पळतात. फोनला दोन किंवा तीन पटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर लांबून काढून नंतर कापा, चित्र थोडं लहान होईल पण प्रमाण बिघडणार नाही. डीएसएलआरवर लेन्स ५५ मिमीला.

५. घरातले बाकीचे दिवे बंद. ट्यूबलाइटचा हिरवट, खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा असे तीन उजेड एकत्र आले तर नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने रंग जुळत नाही.

६. ट्रेसिंग पेपर बल्बपासून २०-२५ सेंटिमीटर पुढे धरा किंवा लटकवा, म्हणजे सावलीची कड मऊ होते. बल्बला चिकटवू नका. एक तर गरम होतो, शिवाय चिकटवला तर उजेडाचा आकार मोठा होत नाही आणि मऊपणा येतच नाही. अगदी उथळ नक्षीला मात्र हा कागद काढूनच टाका, तिथे कडक सावलीच हवी.

७. डीएसएलआरवर सेटिंग: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) ग्रे कार्डवरून. ५५ मिमीला दीड मीटरवरून एफ/८ ला पुढे-मागे मिळून वीसेक सेंटिमीटर स्पष्ट येतं, म्हणजे बहुतेक मूर्ती बसतात. खोल वस्तूला एफ/११. त्यापुढे एफ/२२ पर्यंत जाऊ नका, छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि सगळंच किंचित मऊ पडतं. एका मीटरवरच्या १२ वॅटच्या बल्बने या सेटिंगला एक ते चार सेकंद लागतात. हात धरून हे होणार नाही. ट्रायपॉडचा आग्रह याचसाठी होता. बटण दाबतानाचा धक्का टाळायला २ सेकंदांचा टायमर लावा.

८. फोकस डोळ्यांवर, किंवा सर्वांत पुढच्या भागाच्या थोडं मागे. फोनवर त्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. पोर्ट्रेट मोड आणि एचडीआर बंद. पोर्ट्रेट मोड मुकुटाची कड आणि प्रभावळीची भोकं पार्श्वभूमी समजून धूसर करतो, आणि एचडीआर आपण मेहनतीने आणलेली सावली भरून टाकतो.

९. एकाच वस्तूचे किमान पाच फोटो: समोरून, ४५ अंशांतून, पाठ, तळ आणि जवळून एक तपशील. पाठ आणि तळ कुणी काढत नाही, पण जाणकार गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं, कारण लाकूड अखंड आहे की जोड आहे ते तिथे कळतं. एका फोटोत पट्टी ठेवा.

रंग आणि उजेडाचं प्रमाण

फ्रेममध्ये सगळीकडे तपकिरीच असलं की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. त्याला वाटतं खोलीत पिवळा दिवा आहे, आणि तो रंग थंड करून टाकतो. सागवान मग करड्या पुठ्ठ्यासारखं येतं. ग्रे कार्ड मूर्तीच्या जागी धरून एक फोटो काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा. फोनच्या प्रो मोडमध्ये हाताने आकडा देता येतो: पिवळ्या बल्बला २७०० ते ३००० केल्विन, पांढऱ्या एलईडीला ६५०० च्या आसपास, थेट उन्हाला ५५००. हिरवी भिंत किंवा लाल फरशी जवळ असेल तर तिचाही रंग लाकडावर चढतो, म्हणून तिच्यावर पांढरा कागद टाका.

उजेड किती घ्यायचा यातही कॅमेरा फसतो. जे दिसेल ते मध्यम राखाडी असेल, असं तो धरून चालतो. काळसर शिसवाने फ्रेम भरली की तो फोटो उजळ करतो आणि शिसव विटलेलं दिसतं. तिथे एक्स्पोजर −२/३ ते −१ करा. फिकट शिवण किंवा पांगारा असेल तर +१/३ ते +२/३. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटलेला नसावा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळत असेल तर जेपीईजीच्या जोडीला तीही ठेवा.

पॉलिशची चमक

चपड्याचं पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा चमकदार थर) मारलेलं काम म्हणजे डोकेदुखी. गोल पृष्ठभागावर दिव्याचा पांढरा ठिपका कुठे ना कुठे पडतोच. बल्ब हलवून तो ठिपका जागा बदलतो, जात नाही. त्याला घालवायचा नाद सोडा आणि मोठा करा: ट्रेसिंग पेपर मोठा घ्या, बल्ब त्याच्या मागे आणखी लांब. ठिपक्याच्या जागी सौम्य पट्टा येतो आणि तो गोलाई दाखवायला उलट मदतच करतो.

सपाट पॅनेलवर सोपं असतं. चमक ज्या कोनाने येते त्याच कोनाने परत जाते, त्यामुळे उजेड कडेने आणि कॅमेरा अगदी समोर असेल तर ती लेन्समध्ये येत नाही. तरी धूसर पांढुरकेपणा राहिला तर तो बहुधा समोरच्या पांढऱ्या भिंतीचा किंवा तुमच्याच शर्टाचा. कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड टांगा, गडद कपडे घाला. पोलरायझर (चमक कापणारा) फिल्टर तिरकस फोटोंत जोरदार काम करतो, पृष्ठभागापासून ३०-३५ अंशांवरून पाहत असाल तेव्हा सर्वांत जास्त. अगदी समोरून काढताना त्याचा फायदा जवळपास नाही, वर दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड जातो.

स्वतःचं काम असेल तर यावर सरळ उपाय आहे: शेवटचा चमकदार हात देण्याआधी फोटो काढून घ्या.

वाड्याची चौकट, खांब, तुळई

इथे बल्ब घेऊन जाता येत नाही, सूर्यावर विसंबावं लागतं. अंबाबाईच्या किरणोत्सवामुळे कोल्हापूरकराला उन्हाची दिशा तारखेनुसार सरकते हे सांगायला नको: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखांच्या आसपासचे मोजकेच दिवस मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत पोचतात. चौकटीच्या फोटोसाठीही हाच हिशेब मांडायचा असतो, फक्त तासांचा.

कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे, म्हणून हा अर्धा तास. पूर्वाभिमुख दरवाजावर सकाळी आठला ऊन जवळजवळ समोरून पडतं, म्हणजे सपाट. साडेदहाला ते भिंतीशी साधारण ३० अंशांचा कोन करतं, साडेअकराला १५ अंशांचा. खोल कोरलेली गणेशपट्टी (दाराच्या माथ्यावरची गणपतीची पट्टी) साडेदहाला काढा, चौकटीवरची उथळ वेलबुट्टी साडेअकराच्या आसपास. पश्चिमाभिमुख दरवाजाला हेच उलट: दीडला १५, अडीचला ३० अंश. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण भिंतीवरच्या कोरीवकामाला तो बहुधा चुकीचा ठरतो.

दक्षिणाभिमुख चौकटीला डिसेंबर-जानेवारी चांगला. तेव्हा भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवरच असतो आणि उजेड भिंतीशी ४० अंशांनी येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर असतो. ऊन भिंतीला इतकं घासून जातं की प्रत्येक हस्ताची (खांबाच्या माथ्यावरच्या कोरीव आधाराची) लांबच लांब काळी सावली खाली लोंबते. उत्तराभिमुख दरवाजाला हिवाळ्यात थेट ऊन मिळत नाहीच. तिथे मोकळ्या आभाळाचा सारखा उजेड येतो, थोडा निळसर, म्हणून व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवा.

जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उजेडाला दिशाच नसते. तेव्हा उजेड वाढवायचा नाही, एका बाजूने कमी करायचा. चौकटीच्या एका अंगाला काळं कापड किंवा काळा कार्डशीट, फ्रेमच्या अगदी बाहेर, धरायला माणूस घ्या. त्या बाजूच्या खाचा गडद होतात आणि नक्षीला उठाव येतो.

उभं राहायचं ते दरवाजाच्या बरोबर मध्यासमोर. कॅमेरा वर वाकवला की चौकट वर निमुळती होते. त्यापेक्षा मागे सरा, लेन्स चौकटीच्या मध्याच्या उंचीवर आणा. समोरच्या ओट्यावर किंवा स्टुलावर चढावं लागलं तरी चालेल. पेठांतल्या बोळात मागे सरायला जागाच नसते. तिथे संपूर्ण दरवाजाचा हट्ट धरू नका. खांबाचं बैठक-खोड-शीर्ष, हस्त, केळफूल, महिरपीचं टोक असे तुकडे स्वतंत्रपणे नीट काढा. अतिरुंद लेन्सने ओढाताण करून काढलेल्या एका फोटोपेक्षा ते जास्त उपयोगाचे.

देवडी, माजघर अशा अंधाऱ्या जागी टॉर्चने रंगवण्याची युक्ती चालते. ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, एफ/८, १० सेकंद. शटर उघडं असताना टॉर्च खांबाच्या एकाच बाजूने, दीडेक मीटरवरून, वरून खाली सावकाश फिरवा. हात थांबला तर तिथे पांढरा डाग, आणि कॅमेऱ्याच्या बाजूने टॉर्च मारला तर पुन्हा फ्लॅशचाच सपाटपणा. पहिले दोन-तीन फोटो वाया जाणार हे धरूनच चला.

घरमालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल नको. देवळात फोटोला बंदी असेल तर ती मोबाइललाही असते. गणेशपट्टीवरचं तेल-कुंकू पुसू नका, ती धूळ नव्हे. खांबाला टेकवून ट्रायपॉड उभा करू नका. वाळवी लागलेलं जुनं सागवान वरून धडधाकट दिसतं.

फोटो काढून झाल्यावर

आधी सरळ करा, मग कापा, मग रंग. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला तर चालतो. ‘क्लॅरिटी’ किंवा ‘स्ट्रक्चर’ १५-२० च्या पुढे नेलं की लाकडाचे रेषे तारेसारखे दिसतात आणि गुळगुळीत गाल खरखरीत होतो. सॅच्युरेशनला हात लावू नका. वस्तू शेजारी ठेवून स्क्रीनवरचा रंग ताडून पाहा, तेही दिवसाच्या उजेडात.

इंटरनेटसाठी लांब बाजू २००० पिक्सेल पुरते, रंग एसआरजीबीत (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत). छपाईसाठी मूळ फाइल तशीच राखून ठेवा. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटतो आणि नेमकी बारीक नक्षीच आधी पुसली जाते. फाइलचं नाव लाकूड, माप आणि महिना असं द्या, ‘शिवण-गणपती-३०सेंमी-जानेवारी’ या धर्तीवर. वर्षभराने कुणी तसलंच काम मागितलं, की गॅलरी उपसत बसावं लागत नाही.